जुने अमेरिकन चांदीचे डॉलर: नुसते जुने कोणते, दुर्मिळ कोणते?

टाकसाळकर

'घरात १९२१ चा अमेरिकन चांदीचा डॉलर निघालाय, किती येतील?' हा प्रश्न इथे इतक्या ठिकाणी विचारला गेलाय की उत्तरं पार विखुरली आहेत. म्हणून वेगळा धागा काढतोय. सुरुवात मॉर्गन डॉलरपासून, कारण विचारली जाणारी बरीचशी नाणी तीच असतात.

ओळख: छाप्याच्या बाजूला डावीकडे बघणारी लिबर्टी म्हणजे स्वातंत्र्यदेवता, काट्याच्या बाजूला पंख पसरलेला गरुड. १८७८ ते १९०४ आणि मग एकदम १९२१. वजन २६.७३ ग्रॅम, व्यास ३८.१ मिमी, ९० टक्के चांदी आणि १० टक्के तांबं. म्हणजे शुद्ध चांदी २४.०६ ग्रॅम. त्या दिवशीच्या भावाने गुणलंत की मोडीची किंमत मिळाली. अस्सल मॉर्गन त्याखाली विकायचं काहीच कारण नाही.

त्यावर किती, हे साल, टाकसाळ आणि अवस्था मिळून ठरवतात. टाकसाळीचं चिन्ह काट्याच्या बाजूला, पानांच्या चक्राच्या गाठीखाली, 'डॉलर' शब्दातल्या डी आणि ओ या अक्षरांच्या वर असतं. काहीच नसेल तर फिलाडेल्फिया. एस म्हणजे सॅन फ्रान्सिस्को, ओ म्हणजे न्यू ऑर्लिन्स, सीसी म्हणजे नेवाडातलं कार्सन सिटी, आणि डी म्हणजे डेन्व्हर, पण ते फक्त १९२१ मध्ये.

१९२१ चा फिलाडेल्फियाचा डॉलर ४ कोटी ४६ लाख ९० हजार पाडला गेला. शंभर वर्षं झाली म्हणून तो दुर्मिळ होत नाही. उलट १८९३ चा एस फक्त एक लाख. तो पार झिजून गुळगुळीत झालेला असला तरी हजारो डॉलरला जातो.

भिंगवाली

चांगला धागा. पण पाडलेल्या नाण्यांचा आकडा बघून दुर्मिळता ठरवू नका, हे लगेच सांगून टाकते. उरली किती, हा खरा आकडा.

१९१८ च्या पिटमन कायद्याखाली अमेरिकन सरकारने २७ कोटींहून जास्त चांदीचे डॉलर वितळवले. कुठल्या सालाचे किती गेले याची नोंद कुणी ठेवली नाही. त्यामुळे छापील आकडा मोठा आणि बाजारात नाणंच नाही, असंही होतं. आणि नेमकं उलटंही. १८८४ सीसी पाडले ११,३६,०००. त्यातले ९,६२,६३८ सरकारी तिजोरीतच पडून होते, पिशव्यांतून कधी बाहेरच आले नाहीत. १९७२ ते १९८० दरम्यान सरकारच्या जीएसए खात्याने ते कडक प्लॅस्टिकच्या डब्यांत घालून विकले. परिणाम असा की १८८४ सीसी कोरं करकरीत सहज मिळतं आणि झिजलेलं शोधावं लागतं. 'कार्सन सिटी' या नावाला ग्राहक भरपूर, म्हणून भाव टिकून आहे, एवढंच.

१९०३ ओ ची गोष्ट तर सगळ्या जुन्या संग्राहकांना पाठ असते. १९६२ पर्यंत कोऱ्या अवस्थेत तो या मालिकेतल्या सर्वांत दुर्मिळ नाण्यांत गणला जायचा. त्या वर्षाच्या अखेरीस तिजोरीतून त्याच्या पिशव्याच्या पिशव्या बाहेर आल्या आणि भाव कोसळला.

टाकसाळकर

+१. अजून एक प्रकार नवख्यांना चकवतो: अवस्थेपुरती दुर्मिळ असलेली नाणी. १८८४ एस बत्तीस लाख पाडले. वापरलेल्या अवस्थेत किरकोळ भावात मिळतो. कोरा मात्र अतिशय दुर्मिळ. १८९२ एस, १८९६ ओ आणि फिलाडेल्फियाचा १९०१ यांचंही तसंच. या नाण्यांत एयू-५५ आणि एमएस-६२ यांच्या किमतींत जमीन-अस्मानाचा फरक पडतो, म्हणून तिथे झीज ओळखता येणं हेच सगळं कौशल्य.

उलट १८८१ एस. सव्वा कोटीच्या वर पाडले, ठसा उत्तम, आणि एमएस-६५ सुद्धा ढिगाने उपलब्ध. पहिलं चांगलं नाणं घ्यायचं तर हेच घ्या, डोळ्याला सवय होते.

गोमंतक_७१

एयू, एमएस हे जरा इस्कटून सांगाल का? आणि घरी बसून ग्रेड कितपत ठरवता येते?

भिंगवाली

१ ते ७० ची मोजपट्टी आहे. विल्यम शेल्डन यांनी १९४९ मध्ये ती जुन्या मोठ्या सेंटसाठी मांडली, पुढे सगळ्या नाण्यांना लागू झाली. ढोबळमानाने: गुड ४, व्हेरी गुड ८, फाइन १२, व्हेरी फाइन २० ते ३५, एक्स्ट्रा फाइन ४० आणि ४५, अबाउट अनसर्क्युलेटेड म्हणजे एयू ५० ते ५८, आणि ६० ते ७० मिंट स्टेट म्हणजे एमएस. 'गुड' या नावावर जाऊ नका, गुड-४ म्हणजे जवळपास सपाट झालेलं नाणं.

घरी बघायची पद्धत. खाली जाड मऊ कापड, नाणं फक्त काठाला दोन बोटांत, वर एकच दिवा. जुना पिवळा बल्ब किंवा एकच उघडा एलईडी चालेल. ट्यूबलाइटच्या पसरट उजेडात केसासारखे बारीक ओरखडे दिसतच नाहीत, आणि विकणाऱ्यांना हे चांगलं माहीत असतं. ५ ते ७ पटीचं भिंग ग्रेडसाठी, १० पटीचं फक्त चिन्ह आणि आकडे तपासायला.

आता नाणं दिव्याखाली हळूहळू तिरपं करत फिरवा. कोऱ्या नाण्यावर उजेडाचे पट्टे मध्यातून चक्राच्या आऱ्यांसारखे गोल फिरतात. ठसा मारताना धातू बाहेरच्या दिशेने वाहतो, त्याच्या अतिसूक्ष्म रेषांमुळे हे होतं. झीज झाली की सर्वांत उंच भागावरच्या या रेषा आधी जातात. मॉर्गनवर ते भाग म्हणजे कानाच्या वरचे केस, गाल, केसांतली कापसाची बोंडं आणि मागे गरुडाची छाती. उजेडाचा पट्टा गालावर आला की तुटतो आणि तिथला रंग मंद करडा दिसतो, तर नाणं एयू. पट्टा न तुटता गालावरून सरकला तर एमएस.

पाषाणकर

पण न्यू ऑर्लिन्सच्या कोऱ्या नाण्यांतही कानावरचे केस आणि गरुडाची छाती सपाट असते. तिथे नवशिका फसतो.

भिंगवाली

अगदी बरोबर, म्हणूनच केसांचा तपशील न बघता लकाकी बघायची. ठसा कमी दाबाने बसला तर भाग सपाट असतो पण चमक तशीच असते, कधी कधी ठसा मारण्याआधीच्या चकतीवरचे मूळ ओरखडेही तिथे दिसतात. झिजलेल्या भागावर चमक नसते. १९२१ मध्येही हीच गंमत: जुने मूळ साचे १९१० मध्येच नष्ट केले होते, नवे घाईत आणि उथळ बनवले. त्यामुळे १९२१ चे केस जन्मतःच बारीक आणि उथळ.

एमएस मध्ये आतली ग्रेड पिशवीच्या खुणांवर ठरते. हजार-हजार डॉलरच्या पिशव्या फेकल्या जायच्या, नाणी एकमेकांवर आपटायची. गाल मोकळा आणि गुळगुळीत असल्यामुळे तिथली एक खोच मागच्या बाजूच्या चार खोचांपेक्षा महाग पडते. ६० ते ६२ म्हणजे गाल खरचटलेला, ६३-६४ म्हणजे खुणा आहेत पण नजर अडत नाही, ६५ म्हणजे गालावर लक्षात येण्यासारखं फारसं काही नाही आणि लकाकी भरपूर. ६४ आणि ६५ मधला फरक नुसत्या फोटोवरून सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. मीही सांगत नाही.

पाषाणकर

एक मतभेद नोंदवतो. एयू-५८ ला लोक उगाच कमी लेखतात. स्वच्छ, छान लकाकीचं ५८ हे खरचटलेल्या एमएस-६१ पेक्षा दिसायला केव्हाही सरस असतं. साध्या सालाचं नाणं संग्रहासाठी घ्यायचं तर ५८ घ्यावं आणि आकड्याच्या मोहात पडू नये.

टाकसाळकर

साध्या सालाला मान्य. १८८४ एस किंवा १८९२ एस ला नाही, तिथे तो आकडाच किंमत आहे.

वऱ्हाडी_ठोक्या

बनावट ओळखण्याबद्दल कोणीच बोललं नाही अजून. पुण्यात जुन्या बाजारात आन् मुंबईत चोर बाजारात मॉर्गन आणि ट्रेड डॉलर मांडून ठेवलेले असतात ना भाऊ, त्यातलं खरं किती?

टाकसाळकर

पथारीवरचं नाणं सिद्ध होईपर्यंत बनावटच धरा. विशेषतः ट्रेड डॉलर. तो १८७३ पासून चीनशी व्यापारासाठी पाडला गेला, वजन २७.२२ ग्रॅम, आणि आशियात त्याच्या नकलांचा सुळसुळाट आहे. पुष्कळशा लोखंडी, चुंबकाला चिकटतात. तपासणी या क्रमाने करा:

चुंबक आधी. पण चिकटलं नाही म्हणजे खरं, असं नाही. पितळही चिकटत नाही. नाणं ४५ अंशांत तिरकं धरून त्यावरून छोटं निओडिमियम चुंबक सोडा. चांदीवर ते दचकल्यासारखं हळूहळू घसरतं.

मग ०.०१ ग्रॅमचा काटा. नव्या डॉलरला टाकसाळीची सूट सुमारे ०.१ ग्रॅम अधिक-उणे होती. झिजलेलं नाणं २६ च्या आसपास येऊ शकतं. पण कडक दिसणारं नाणं २५.८ भरलं किंवा २७.५ भरलं तर विषय संपला.

त्यानंतर घनता. काट्यावर पाण्याचा पेला ठेवून आकडा शून्य करा. नाणं बारीक दोऱ्याला बांधून पाण्यात पूर्ण बुडवा, तळाला आणि बाजूंना टेकू देऊ नका. काट्यावर जो आकडा येईल तो विस्थापित पाण्याचा. नाण्याचं कोरडं वजन भागिले हा आकडा. अस्सल मॉर्गनला पाण्यातला आकडा २.५९ च्या आसपास, म्हणजे घनता सुमारे १०.३. आकडा ३ च्या जवळ गेला तर आत तांबं-पितळ आहे. बुडबुडे चिकटले तर आकडा वाढतो आणि खरं नाणंही खोटं ठरतं, म्हणून पाण्यात भांडी घासायच्या लिक्विडचा एक थेंब टाका. शेवटी साध्या पाण्याने धुवून टिपून घ्या, पुसू नका.

शेवटी काठ. दात्यांच्या मधून गोल फिरणारी रेघ म्हणजे ओतकाम. आणि नाणं उभ्या अक्षावर, पुस्तकाचं पान उलटावं तसं उलटलं की मागची बाजू उलटी दिसली पाहिजे. अमेरिकन नाणी तशीच पाडतात. सरळ दिसली तर सावध.

भिंगवाली

हे सगळं पूर्ण नकली नाण्याला लागू. महागडा धोका वेगळाच असतो: नाणं खरं, चांदी खरी, वजन खरं, फक्त चिन्ह चिकटवलेलं किंवा खरवडलेलं. १८९३ च्या फिलाडेल्फियाच्या नाण्यावर एस चिकटवतात, किंवा १८९८ एस च्या ८ चा ३ करतात.

१८९३ एस ला एक सोय आहे. सगळी नाणी छाप्याच्या एकाच साच्यातून आली, त्यामुळे खुणा ठरलेल्या आहेत. सालातला १ हा कडेच्या एका दात्याच्या बरोबर वर मध्यावर येतो. मुकुटावरच्या 'लिबर्टी' शब्दातल्या टीच्या माथ्यावर तिरपी बारीक उठावदार रेघ असते, आणि आरच्या डाव्या पायात साच्याच्या टवक्याचा छोटा उंचवटा. १० पटीच्या भिंगातून, नाणं फारच झिजलेलं नसेल तर, टीवरची रेघ दिसते. खुणा नसतील तर एस कितीही सुबक असो, नाणं सोडून द्या.

फिलाडेल्फियाचा १८९५ तर वेगळाच. आज माहीत असलेली नाणी ८८० प्रूफपैकीच आहेत, म्हणजे संग्राहकांसाठी खास चकचकीत पाडलेल्या नाण्यांपैकी. झिजलेला, चिन्ह नसलेला १८९५ समोर आला तर आधी चिन्हाच्या जागी खरवडल्याची खूण शोधा. १८९५ ओ किंवा एस मधून तो सहज बनवता येतो.

सेंटवाला

आमच्या तांब्याकडेही बघा हो जरा. लिंकन सेंटमध्ये हीच लबाडी जास्त चालते, कारण मूळ नाणं स्वस्तातलं असतं.

१९०९ एस व्हीडीबी: ४,८४,००० नाणी. मागच्या बाजूला तळाशी नाण्याचे शिल्पकार व्हिक्टर डेव्हिड ब्रेनर यांची आद्याक्षरं. फिलाडेल्फियाचा व्हीडीबी मुबलक आहे, त्यावर एस चिकटवतात. खऱ्या एसच्या वरच्या कमानीत टाचणीच्या टोकाएवढा उठावदार ठिपका असतो, आणि बी अक्षराची मधली दांडी वरच्या बाजूला तिरपी जाते.

१९१४ डी: ११,९३,०००. नकली बनवतात १९४४ डी मधला पहिला ४ कापून-घासून १ करून. पण मग १९ आणि १४ यांच्यात जादा जागा राहते. शिवाय १९१८ पासून ब्रेनर यांची आद्याक्षरं पुतळ्याच्या खांद्याच्या कापावर आली. १९१४ वर ती दिसली की खेळ खल्लास.

१९४३ चा तांब्याचा सेंट: त्या वर्षी युद्धामुळे सेंट जस्त चढवलेल्या पोलादाचे होते, वजन २.७० ग्रॅम. तांब्याचे चुकून पडलेले मोजकेच. तुमचा चुंबकाला चिकटला तर तो तांब्याचा मुलामा दिलेला पोलादी. नाही चिकटला आणि ३.११ ग्रॅम भरला तर सालातला ३ बघा. खऱ्याची शेपटी लांब, खाली उतरलेली. १९४८ च्या ८ ची डावी बाजू खरवडून केलेला ३ आखूड आणि आटोपशीर दिसतो.

मेधा_एडिसन

नाण्यावर काळे-निळे डाग आहेत. चिंच-मीठ किंवा टूथपेस्ट अजिबात नको, एवढं ऐकून आहे. पण इथे अमेरिकेत दुकानांत चांदी उजळायचं डिप मिळतं, तेही नको का?

पाषाणकर

मेधाताई, टूथपेस्ट, बेकिंग सोडा, रांगोळी, पितांबरी, सगळं वर्ज्य. यांतले कण एकाच दिशेचे समांतर ओरखडे पाडतात. मग ग्रेडिंग कंपनी आकडा न देता 'क्लीन्ड, डिटेल्स' लिहून परत पाठवते आणि भाव कधी निम्म्यावर, कधी त्याखाली येतो.

डिपमध्ये थायोयुरिया आणि आम्ल असतं. ते काळा थर काढतं, सोबत चांदीचा अगदी वरचा पापुद्राही. वर भिंगवाली म्हणाल्या त्या सूक्ष्म रेषा तिथेच असतात. दोन-तीनदा डिप केलेलं नाणं पांढरंफटक दिसतं आणि फिरवल्यावर मेल्यासारखं असतं. व्यापारी डिप करतात हे खरं आहे, पण काय उरेल हे ओळखूनच करतात. निळ्या-जांभळ्या टोनिंगला, म्हणजे काळाने चढलेल्या रंगाला, तर चांगला भाव येतो, तो घालवू नका. फक्त रंग नैसर्गिक हवा. पिशवीच्या कापडाने आलेला रंग चंद्रकोरीसारखा एका बाजूने चढतो आणि पिवळा, किरमिजी, निळा अशा क्रमाने बदलत जातो. सगळीकडे एकसारखा भडक निळा किंवा जांभळा, आणि ओरखड्यांच्या आतही तोच रंग, तर कुणीतरी भाजलेलं आहे.

हिरवा चिकट थर असेल तर तो पीव्हीसीच्या मऊ पाकिटातून आलेला. तो मात्र काढलाच पाहिजे, तो धातू खातो. शुद्ध ॲसिटोन घ्या, नेलपॉलिश रिमूव्हर नको, त्यात तेल आणि सुगंध असतो. काचेच्या झाकणाच्या भांड्यात १५-२० मिनिटं, मग नव्या ॲसिटोनमध्ये एकदा बुडवून काठावर उभं ठेवून वाळू द्या. घासायचं नाही. खिडक्या उघड्या, गॅस-निरांजन लांब.

गोमंतक_७१

आमच्याकडच्या पावसाळ्यात ठेवायचं कसं?

पाषाणकर

नाणं मायलरच्या (पीव्हीसी नसलेल्या पॉलिएस्टर प्लॅस्टिकच्या) पाकिटात किंवा कडक ॲक्रिलिक कॅप्सूलमध्ये, ते घट्ट झाकणाच्या डब्यात, सोबत सिलिका जेल. रंग बदलला की जेल गरम करून कोरडं करा किंवा बदला. रबरबँड, वर्तमानपत्र, लोकरी कापड आणि नव्या प्लायचं कपाट टाळा. रबर आणि लोकरीतला गंधक चांदी काळी करतो. स्टेपलने बंद केलेल्या पुठ्ठ्याच्या चौकटीतून नाणं काढताना आधी चारही पिना पकडीने ओढून काढा. पिना तशाच ठेवून पुठ्ठा फाडला की ओरखडा ठरलेला.

वऱ्हाडी_ठोक्या

आणि स्लॅब, म्हणजे ग्रेडिंग कंपनी नाणं ज्यात सीलबंद करून देते तो प्लॅस्टिकचा डबा? इथून पाठवून ग्रेड करून घेता येते काय?

टाकसाळकर

ग्रेडिंगच्या दोन मोठ्या अमेरिकन कंपन्या: पीसीजीएस १९८६ ची, एनजीसी १९८७ ची. या दोघींच्याच ग्रेडवर बाजार खरा विश्वास ठेवतो. स्लॅबसुद्धा नकली निघतात. त्यावरचा क्रमांक कंपनीच्या संकेतस्थळावर टाका आणि तिथे फोटो असेल तर खुणा जुळवा. क्रमांक खरा आणि आतलं नाणं दुसरंच, असाही प्रकार चालतो.

भारतातून पाठवण्यात कायद्याची अडचण आहे. १९७२ च्या पुरावशेष कायद्याप्रमाणे शंभर वर्षं पूर्ण झालेलं नाणं पुरावशेषात मोडतं आणि खासगी माणसाला ते देशाबाहेर पाठवता येत नाही. नाणं कुठल्या देशाचं, असा भेद व्याख्येत केलेला नाही. आता १९२१ ही त्यात आलं. तेव्हा अमेरिकेत असलेलं नाणं तिथेच ग्रेड करून घ्या, आणि परत न्यायचा विचार असेल तर इकडे आणूच नका.

मेधा_एडिसन

माझ्याकडचं नाणं १८८९, चिन्ह दिसत नाही, वजन २६.७१. पाण्यातला आकडा २.६०. गालावर तीन खोचा, पट्टा गालावरून न तुटता जातो. पाठवू का ग्रेडिंगला?

भिंगवाली

घनता १०.२७, नाणं अस्सल दिसतंय. चिन्ह नाही म्हणजे फिलाडेल्फिया, तो दोन कोटी सतरा लाखांच्या वर पाडला गेला, म्हणजे मुबलक आहे. १८८९ मधलं महाग ते सीसी, साडेतीन लाखच पाडलेलं. पट्टा तुटत नाही म्हणजे एमएस, पण गालावर तीन खोचा म्हणजे ६२ किंवा ६३. अशा नाण्याची किंमत आणि ग्रेडिंगची फी, टपाल, विमा यांची बेरीज करून बघा, बहुधा बेरीजच वरचढ ठरेल. कॅप्सूल घ्या, ३८.१ मिमीची.